‘येतो’ म्हणालो त्या परगण्यात

अमेरिकेत मी एका म्हाताऱ्याला ‘येतो’ म्हणालो आणि गेलो नाही. त्या प्रवासात माझ्या हातून झालेल्या बाकीच्या चुका हसण्यावारी नेता येतील. ही नेता येत नाही. परत आल्यापासून शाळेत, वाचनालयात, लग्नाच्या पंगतीत लोक तिकडच्या गमती विचारतात आणि मी सांगतो. हे मात्र अजून कोणाला सांगितलेले नाही. आता लिहायला बसलोच आहे तर सुरुवात इथूनच केलेली बरी. नाहीतर गमती सांगता सांगता हे पुन्हा राहून जाईल.

मी उज्जैनच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आमचे पूर्वज शिंद्यांच्या कारकुनीत इकडे आले त्याला दोनशे वर्षे होत आली, तरी घरात अजून ‘आपण मूळचे वाईचे’ असे म्हणायची पद्धत आहे. वाई मी एकदाच पाहिली, तीही बसच्या खिडकीतून. शाळेत शिकत होतो तेव्हा उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होते. मास्तर झालो, आणि काही वर्षांनी ते मध्यभारतात गेले. अमेरिकेला निघालो तेव्हा मध्यभारतातच होते, परतलो तर मध्यप्रदेशात. घर तेच, शिप्रा तीच, दर वेळी नकाशा तेवढा नवा. मुले विचारतात, सर, या वर्षी आपण कुठे आहोत? असा माणूस शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका योजनेतून काही महिन्यांसाठी अमेरिकेला गेला.

भूगोल

मला ज्या मुलखात ठेवले त्याला ते कौंटी म्हणतात. आपल्या संस्थानी कारभारात परगणा असे तसेच काहीसे. नाव सांगत नाही. त्या लोकांचे मीठ खाल्ले आहे, आणि त्यांच्या भाजीत मिठाखेरीज दुसरे काही नसे.

एका मोठ्या शहरापासून आगगाडीने तासाभरावर हा परगणा. शहरात काम करणारे लोक इथे झोपायला येतात. त्याचा भूगोल एवढाच. सीमा नकाशावर पाहिल्या तर पट्टी ठेवून ओढलेल्या. डोंगर नाही. नदी म्हणून जी दाखवली ती मोटार पुलावर चढून उतरेपर्यंत संपली. तिला घाट नाही, देऊळ नाही, एक पायरीसुद्धा नाही. लोक आंघोळीला कुठे उतरतात, असे मी विचारले. माझे यजमान डॉनल्ड तिथल्या शाळेत इतिहास शिकवत. ते गंभीरपणे म्हणाले, आमच्या घरात दोन न्हाणीघरे आहेत.

पहिले दोन-तीन दिवस मी गाव शोधत होतो. घरे होती, हिरवळी होत्या, मोटारी होत्या, पण गाव सापडेना. शेवटी डॉनल्डनी मला कचेरीपाशी नेले. समोर एक जुनी तोफ आणि मोटारी उभ्या करायचे मैदान. हेच गाव, म्हणाले. चौक नाही. चौक नाही म्हणून पानवाला नाही, आणि पानवाला नाही म्हणून बातमी नाही. आमच्या देवास गेटवर बसची वाट पाहत उभा राहिलेला माणूस अर्ध्या तासात जेवढे शिकतो, तेवढे इथे महिन्यात कळत नाही. एके दिवशी जेवण जिरवायला पायी निघालो, तर पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली आणि शिपायाने माझे काही हरवले आहे का, असे विचारले. शतपावलीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. त्याने मला गाडीत घालून घरी पोचवले.

यजमानीणबाईंचे नाव बेटी. पहिल्या पत्रात मी ‘बेटी फार काळजी घेते’ असे लिहिले, तर उलट टपाली बायकोने विचारले की त्या पोरीची आई कुठे असते, आणि तिला खेळायला काय पाठवू? बेटीबाई पन्नाशीला टेकलेल्या होत्या. मी शाकाहारी म्हणून त्या बिचाऱ्या एक पदार्थ करीत: उकडलेले वाटाणे आणि गाजरे गोड, थुलथुलीत, हिरव्या जेलीत गोठवलेली. पानात ठेवली की ती थरथरे, आणि मीही. ती जेली जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात हे मला निघायच्या आठवड्यात कळले. त्याचे प्रायश्चित्त मी शिप्रेत बुडी मारून घेतले आहे. घरी सांगितलेले नाही.

मी भेट म्हणून भैरवगढची छापाची चादर नेली होती. त्यांनी ती भिंतीवर टांगली. ज्यावर माणसाने निजायचे ते भिंतीवर, आणि ज्या भिंतीला टेकून बसायचे तिला टेकायची सोय नाही. त्या सबंध घरात जमिनीवर बसणारा एकटा कुत्रा होता.

लोकसंख्या

तिथली घरे सगळी एकाच छापाची, भैरवगढचा ठसा हलवत जावा तशी. मी दोनदा चुकून शेजारच्या घरात शिरलो. दुसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी मला कॉफी दिली. कोणालाही ‘तुम्ही कुठले?’ विचारा, उत्तर ‘इथलेच’. आणि इथे कधी आलात? तर मागच्या वसंतात. मला हसू आवरत नसे. आमच्याकडे दोनशे वर्षे काढली तरी मराठी माणसाला दक्षिणी म्हणतात आणि तोही स्वतःला वाईचा म्हणवतो. इथे घराचा रंग वाळायच्या आत माणूस इथला होतो.

म्हातारी माणसे नाहीत, भिकारी नाहीत. काळ्या वर्णाची माणसे सकाळच्या बसने घरकामाला येतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. ती इथे का राहत नाहीत, असे मी जेवताना विचारले. डॉनल्ड आवाज उतरवून घरांच्या किमतींविषयी बोलू लागले. मी त्यांना चांगलेच सुनावले. स्वातंत्र्याची भाषा साऱ्या जगाला शिकवता, वगैरे. बेटीबाई ऐकत होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, “तुमच्या गावात सगळे एकाच गल्लीत राहतात का?” मी म्हणालो, आमची गोष्ट निराळी आहे, आणि हवेचा विषय काढला. तेवढे इंग्रजी मला येते.

पण मला सर्वांत राग आला तो त्यांच्या आमंत्रणांचा. भेटेल तो म्हणे, एकदा आमच्याकडे आलेच पाहिजे. किराण्याच्या दुकानात ओळख झालेला एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुम्ही यायलाच हवे, बायकोला फार आनंद होईल. मी शनिवारी कोट घालून, घरून आणलेल्या चिवड्याची पुडी घेऊन गेलो. गृहस्थ अर्ध्या चड्डीवर गवत कापत होते. त्यांनी मला ओळखले नाही. विम्याचा माणूस समजून ‘आत्ता नको’ म्हणाले. मी पुडी हातात धरून पायी परत आलो, आणि त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगू लागलो की या मुलखात सगळे मिळते, फक्त शब्दाला मोल नाही. हे मी किती जणांना सांगितले असेन, आणि किती ठसक्यात, हे आठवले की आता कानशिले तापतात.

इतिहास

त्या परगण्यात इतिहास पाट्यांवर लिहिलेला असतो. रस्त्याच्या कडेला लोखंडी पाटी: अमुक सेनापती या झऱ्यावर घोड्याला पाणी पाजायला थांबला. घोडा प्याला की नाही ते लिहिलेले नसते. ज्या घराला ते प्राचीन म्हणतात त्याहून आमचा पाटा-वरवंटा जुना असेल. तिथल्या महिला मंडळात मला बोलायला सांगितले तेव्हा मी हात राखला नाही. महाकाल सांगितला, वेधशाळा सांगितली, आणि आमच्या ज्योतिषांची शून्य रेखा उज्जैनवरून जात असे, सगळ्या जगाची वेळ आमच्या गावापासून मोजली जाई, हेही सांगितले. एका बाईंनी हात वर करून विचारले, “मग ती तिथून हलवली कशाला?” मी हात जोडून खाली बसलो. टाळ्या मात्र पडल्या.

या भाषणाला क्लेटन नावाचा एक म्हातारा कोपऱ्यात बसला होता. नंतर डॉनल्डनी मला त्याच्या शेतावर नेले. परगण्यातले ते शेवटचे शेत. तिन्ही बाजूंनी एका छापाची घरे येऊन टेकली होती. क्लेटन उंच, वाकलेला, आणि माझ्यासारखाच कुजकट. शेजाऱ्यांच्या हिरवळींकडे बोट करून म्हणाला, हे लोक गवत पिकवतात आणि मग गाय नाही म्हणून स्वतःच कापतात. मला तो माणूस फार आवडला. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या बरोबरीने नावे ठेवणारा कोणी भेटला होता.

घरामागे अक्रोडाच्या एका मोठ्या झाडाखाली त्याच्या माणसांची थडगी होती. आजा, आजी, बाप, आणि एका बाजूला बायको. नव्या वसाहतीचा रस्ता रुंद होणार होता, आणि तो बरोबर तिथून जाणार होता. कौंटीने कळवले होते की थडगी व्यवस्थित उकरून सार्वजनिक दफनभूमीत नेली जातील, खर्च त्यांचा. क्लेटनने मला विचारले, “तुमच्या एवढ्या जुन्या गावात रस्त्याच्या मध्ये मेलेला माणूस आला तर काय करता?”

मी छाती काढून म्हणालो, “आमच्याकडे रस्ता वळतो. मेलेला माणूस हलत नाही.”

त्याने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावले. मग स्वतः म्हणून पाहिले. त्याचा चेहरा असा उजळला की मला आणखी बोलावेसे वाटले. कुठल्या गल्लीत समाधी आहे, कुठे दर्गा, कुठे नुसता पिंपळ, आणि गल्ली त्यांना वळसा घालून कशी जाते, हे मी जमिनीवर काठीने काढून दाखवले. ते खोटे नव्हते. पण सिंहस्थासाठी रस्ता रुंद करताना आमच्याच मोहल्ल्यातला एका साधूचा चौथरा हलला होता, आणि मीच त्या वेळी ‘बरं झालं, टांग्याला अडचण होत होती’ असे म्हणालो होतो. ते मी काठीने काढले नाही.

मग क्लेटनने सांगितले की बुधवारी संध्याकाळी कचेरीत या रस्त्याची सुनावणी आहे. तिथे त्याचे कोणी ऐकणार नाही. सगळे त्याला हेकट म्हातारा समजतात. पण जगाची वेळ जिथून मोजत त्या गावचा शिक्षक उभा राहून ते एक वाक्य बोलला तर ऐकतील. “याल ना?”

मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, “ऑल राइट. आय शाल कम.”

मनात मराठी होते: बरं, येतो. निघताना आपण दुसरे काय म्हणतो? आई असताना कोणी ‘जातो’ म्हणाले तर ती त्याला उंबऱ्यातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावी. क्लेटनने माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

बुधवार

त्याच बुधवारी मला शहरातून इंदूरच्या मुळ्ये नावाच्या इंजिनिअरांचे जेवणाचे बोलावणे होते. इकडे त्याच आठवड्यात नवे राज्य होणार होते. मुळ्ये टेलिफोनवर म्हणाले, “या हो मास्तर, मध्यभारताचं तेरावं घालून टाकू. वरण-भात आहे, वर तुपाची धार.” जेलीतल्या वाटाण्यांनंतर ‘वरण-भात’ हा शब्द ऐकूनच माझे डोळे भरून आले.

जेवण झकास झाले. मुळ्ये म्हणाले, राजधानी भोपाळला गेली म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या भांडणात तिसऱ्याचं लग्न लागलं. मी म्हणालो, आम्हा उज्जैनवाल्यांना काय, आम्ही तेव्हाही वऱ्हाडी आणि आताही. मग गप्पा अमेरिकनांवर आल्या. मी चिवड्याच्या पुडीची गोष्ट रंगवून सांगितली. मुळ्यांची बायको हसून हसून बेजार झाली. शेवटी मी माझे नेहमीचे वाक्य टाकले: या लोकांच्या ‘या’ला काही अर्थ नसतो.

त्याच वेळी कचेरीत काय चालले होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी बेटीबाईंनी सांगितले. त्या सुनावणीला गेल्या होत्या, रस्त्याच्या बाजूने. शाळेची बस त्या अरुंद रस्त्यावर वळत नाही म्हणून. क्लेटन नवी कॉलर लावून आला होता. त्याने शेजारची खुर्ची धरून ठेवली आणि तिच्यावर आपली टोपी ठेवली. त्याचा क्रमांक आला तेव्हा तो म्हणाला, हजारो वर्षांच्या एका गावाहून माझे पाहुणे येताहेत, जरा थांबा. अधिकारी थांबले. मग दुसऱ्यांचे घेतले, पुन्हा त्याला विचारले. तो दाराकडे पाहत म्हणाला, येतील, त्यांनी तसे सांगितले आहे. मागून कोणीतरी म्हणाले की पाहुणे बहुधा टोपीखाली असतील, आणि लोक हसले. आपले न मांडताच क्लेटन उठला. टोपी उचलून घरी गेला. रस्ता मंजूर झाला.

“तुमची गाडी चुकली असेल,” बेटीबाई म्हणाल्या. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता. मला सोपे जावे म्हणून उत्तरच माझ्या हातात ठेवले होते. आणि मी मान हलवली, आमच्याकडची, जिचा अर्थ हो होतो आणि नाहीही.

यानंतर मी महिनाभर त्या परगण्यात होतो. शाळा पाहिल्या, अग्निशामक बंब पाहिला, दुधाचा कारखाना पाहिला. सगळ्याला नावे ठेवली, डायरी भरली. क्लेटनच्या शेतावरून जाणारा रस्ता मी टाळत असे. मोटारीत बसलेला माणूस रस्ता टाळतो म्हणजे काय करतो? दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहतो.

अक्रोडाचे झाड

निघायच्या आदल्या दिवशी मी पायी गेलो. या खेपेला पोलिसांची गाडी आली तेव्हा मी पत्ता सांगितला. झाड पडले होते. फांद्या रचून ठेवल्या होत्या, आणि थडग्यांच्या जागी माती उकरून पुन्हा सारखी केलेली दिसत होती. क्लेटन ओट्यावर बसून अक्रोड फोडत होता. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. अक्रोडांची परडी थोडी माझ्याकडे सरकवली.

मी उभ्या उभ्या सांगू लागलो. आमच्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ मानतात, कारण जातो तो मेलेला माणूस. म्हणून प्रत्येक जण ‘येतो’ म्हणूनच निघतो. त्या दिवशी मी तेच म्हणालो, केवळ इंग्रजीत. भाषेचा घोटाळा झाला. हे मी वाटेत नीट जुळवून ठेवले होते आणि नीट म्हणून दाखवले.

त्याने हातातला अक्रोड खाली ठेवला. मग विचारले, “आणि खरेच यायचे असले म्हणजे काय म्हणता?”

“तेव्हाही ‘येतो’च.”

“मग तुमच्याकडे माणसाला कळते कसे?”

मी म्हणालो, “वाट पाहून.”

तो हसला नाही. एक अक्रोड फोडला, गर काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. कडू नव्हता. तिथे खाल्लेल्या सगळ्या पदार्थांत तेवढ्या एकाला नाव ठेवावेसे वाटले नाही. ओट्यावर दाराजवळ खुंटीला ती टोपी होती. मी तिच्याकडे पाहत होतो हे त्याने पाहिले आणि तो दुसरीकडे पाहू लागला. माझी लाज त्याला पाहवेना. महिनाभर मीही दुसरीकडेच पाहत होतो, पण स्वतःसाठी.

संध्याकाळ होत आली तशी मी निघायला वळलो, हात जोडले, आणि सवयीने तेच दोन शब्द, ‘बरं, येतो’, ओठांवर आले. ते मी परत घेतले. मग आईने जो शब्द जन्मभर तोंडातून निघू दिला नाही तो मी पहिल्यांदा उच्चारला.

“मी जातो,” मी म्हणालो. “भाषेचा घोटाळा झाला नव्हता. तुम्ही माझे हात धरलेत तेव्हाच मला कळले की तुम्ही काय समजलात, आणि मी ते तसेच राहू दिले. परक्या मुलखातल्या साहेबांपुढे उभे राहायची मला भीती वाटली. शिवाय ते वाक्य पुरते खरे नव्हते. आमच्याकडेही मेलेली माणसे हलवतात, आणि मी पाहत उभा राहतो. तुम्ही खुर्ची धरून बसलात तेव्हा मी दुसऱ्याच्या घरी जेवत होतो. मला क्षमा करा.”